‘पंच’चा पंचनामा

गोव्यातील एखाद्या मद्यगृहात बसण्याचा प्रसंग आला की आम्ही रम, लिंबू, साखर, पाणी आणि जायफळ यांचा ‘पंच’ मागवतो. पाच जिन्नस म्हणून ‘पंच’. शब्द आपला, इंग्रजांनी उचललेला, असे आम्ही सोबत्यांना वर्षानुवर्षे अभिमानाने सांगत आलो. परंतु पेशा वकिलीचा. तेव्हा कधीतरी या दाव्याचा रीतसर पंचनामा करणे प्राप्तच होते.

दाव्याचा मुख्य साक्षीदार जॉन फ्रायर. ईस्ट इंडिया कंपनीचा हा शल्यवैद्य १६७० च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर हिंडला. १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात तो सांगतो, की गोव्यातील नेरूलच्या उत्कृष्ट अर्कापासून इंग्रज हे पेय करतात आणि पाच जिनसांमुळे त्यास हिंदुस्थानी भाषेतील पाचाचे नाव मिळाले. पंचामृत, पंचांग असे शब्द रोज उच्चारणाऱ्या आपणांस ही साक्ष तत्काळ पटते.

उलटतपासणीत मात्र ती डळमळते. हा शब्द १६३२ च्या एका इंग्रजी पत्रात आधीच आढळतो; तेथे पाचाचा उल्लेख नाही. १६३८ साली सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो मद्य, गुलाबपाणी, लिंबूरस आणि साखर असे चारच जिन्नस नोंदवतो. त्या काळच्या इंग्रजी उच्चारात या शब्दातील स्वर ‘उ’कडे झुकणारा होता, हीही भाषाशास्त्रज्ञांची हरकत आहे. पिंपाच्या ‘पंचन’ या इंग्रजी नावाशीही काहीजण त्याचा संबंध जोडतात. शिवाय फ्रायरने नाव घेतले ते हिंदुस्थानीचे, मराठीचे नव्हे.

निष्कर्ष असा: पाचापासूनची व्युत्पत्ती संभवनीय आहे, सिद्ध नाही; खास मराठीचा हक्क तर त्याहून दुबळा. सिद्ध आहे ते एवढेच, की ‘कॉकटेल’ शब्दाची पहिली स्पष्ट व्याख्या १८०६ साली अमेरिकेत छापली गेली, त्याच्या सव्वाशे वर्षे आधी आपल्या किनाऱ्याचा अर्क या पेयात पडत होता.

एका पेल्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. सीमाभागातील मराठीचा हक्क आपण कागदपत्रांच्या बळावर मांडतो. तेथे एक कच्चा दाखला घुसडला, तर प्रतिपक्ष तोच हाती धरून शंभर पक्क्या दाखल्यांवर संशय घेतो. भाषेवरील प्रेम हा पुरावा नव्हे.

आम्ही आजही तोच पेला मागवतो. त्याची कथा सांगताना ‘असे म्हणतात’ एवढे दोन शब्द मात्र आता न विसरता जोडतो.