कुलूपबंद ग्रंथ आणि हातोहात गेलेली पोथी : रायतूरच्या धर्मपाठशाळेची गोष्ट

१/ जुन्या ग्रंथालयाचा इतिहास त्याच्या कपाटांपेक्षा त्याच्या नियमांत अधिक स्पष्ट दिसतो. किल्ली कोणाकडे असे, पुस्तक बाहेर नेता येई काय, कोणता ग्रंथ मागताच नकार मिळे, या प्रश्नांची उत्तरे हाती आली की त्या ग्रंथालयाने वाचक म्हणून कोणाला गृहीत धरले होते, हे कळते. हा धागा अशाच एका धर्मपाठशाळेचा, तिथल्या पुस्तकविषयक नियमांचा आणि तिच्या छापखान्यात जन्मलेल्या एका मराठी ग्रंथाचा आहे.

२/ रत्नागिरीहून कोकणपट्टीने दक्षिणेला उतरत गेले की गोव्यात झुआरी नदीच्या काठी साष्टी तालुक्यात राचोल नावाचे गाव लागते. मराठी लेखनात त्याचे जुने नाव रायतूर. तेथे एक किल्ला होता. त्याचा दरवाजा आजही उभा आहे. गावातील टेकडीवर सतराव्या शतकाच्या आरंभी येशूसंघाने, म्हणजे जेझुइट पाद्र्यांनी, आपले महाविद्यालय बांधले. तीच वास्तू पुढे धर्मपाठशाळा झाली आणि आजही तेथे पाद्री घडवले जातात.

३/ या वास्तूतील पुस्तकांकडे वळण्यापूर्वी अर्धे शतक मागे जावे लागते. ६ सप्टेंबर १५५६ रोजी पोर्तुगालहून निघालेले एक जहाज गोव्याच्या बंदराला लागले. त्यावर छापखाना होता. भारतभूमीवर उतरलेला हा पहिला मुद्रणयंत्र-संच. गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात तो बसवला गेला आणि लवकरच त्यावर लॅटिन-पोर्तुगीज मजकूर छापला जाऊ लागला.

४/ याच सुमारास त्याच महाविद्यालयात मराठी पोथ्याही येऊ लागल्या. मात्र त्या विकत घेतलेल्या किंवा दान मिळालेल्या नव्हत्या. १५५९च्या सुमाराच्या जेझुइट पत्रव्यवहारात एक प्रसंग नोंदला आहे. मानुएल द ओलिव्हेरा या नवख्रिस्ती ब्राह्मणाने पोर्तुगीज हद्दीबाहेर राहणाऱ्या एका विद्वान ब्राह्मणाच्या घरातून त्याचा ग्रंथसंग्रह उचलून आणला. व्यासकृत ग्रंथांचे देशी भाषेतील रूपांतर करण्यात त्या विद्वानाची कित्येक वर्षे खर्ची पडली होती.

५/ या पोथ्यांचे करायचे काय, हा प्रश्न पाद्र्यांना पडला नाही. त्यांतील निवडक भागांचे पोर्तुगीजमध्ये भाषांतर झाले आणि ब्राह्मणांशी वाद घालण्यासाठी, त्यांचे खंडन करण्यासाठी ते वापरले गेले. ज्या ग्रंथांचे वाचन सामान्य नवख्रिस्त्यास निषिद्ध, तेच धर्मशास्त्राच्या अभ्यासकास आवश्यक ठरले. एकच पोथी एका हातात गुन्हा आणि दुसऱ्या हातात अभ्याससाधन होती.

६/ पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात आज या व्यवहाराचे साक्षीदार आहेत. सोळाव्या शतकात गोव्यात रामायण-महाभारतातील कथा कोकणी गद्यात आणि मराठी पद्यात रोमन लिपीत उतरवून घेण्यात आल्या. ती हस्तलिखिते तेथे सुरक्षित आहेत. ज्यांच्या तोंडच्या आणि घरच्या या कथा, त्यांच्यापासून त्या हजारो मैल दूर गेल्या. पण गेल्या म्हणूनच टिकल्या, हेही नाकारता येत नाही.

७/ आता नियमांकडे. येशूसंघाच्या १५५८मध्ये मान्य झालेल्या घटनेत महाविद्यालयीन ग्रंथालयाची तरतूद आहे. शक्य तेथे एक सामाईक ग्रंथालय असावे. त्याची किल्ली प्रमुख ज्यांना योग्य समजेल त्यांच्याचकडे असावी. ग्रंथांवर कोणी टिपणे लिहू नयेत. आणि पुस्तकांचा हिशेब ठेवणारा एक जबाबदार माणूस असावा. समासात लिहू नका, ही आजच्या प्रत्येक वाचनालयातील सूचना इतकी जुनी आहे.

८/ त्यानंतर ग्रंथपालासाठी स्वतंत्र नियमावली झाली. ग्रंथालय बंद ठेवावे. विषयवार मांडणी करावी. प्रत्येक पुस्तकाच्या बाहेरील बाजूस नाव लिहावे, म्हणजे शोधणे सोपे जाईल. साऱ्या ग्रंथांची यादी लेखकांच्या नावांनी अक्षरानुक्रमे करावी. वरिष्ठांच्या परवानगीविना पुस्तक बाहेर जाऊ देऊ नये आणि जे नेले जाईल त्याची नोंद ठेवावी. आजची देवघेव-नोंदवही ती हीच.

९/ याच नियमावलीत आणखी एक घरगुती कलम आहे. आठवड्यातून दोनदा ग्रंथालय झाडावे, एकदा पुस्तकांवरील धूळ झटकावी आणि दमटपणापासून ग्रंथांना जपावे. रोममध्ये बसून हे लिहिणाऱ्यास कोकणचा पाऊस ठाऊक नव्हता. चार महिने भिंतींना ओल येते, कागदाला बुरशी धरते, वाळवी आणि कसर पुस्तके पोखरते. अशा प्रदेशात हे एक कलम पाळणे उरलेल्या साऱ्या कलमांहून कठीण.

१०/ आणि यादीच्या अगदी आरंभी असे निषिद्ध ग्रंथांची सूची. १५६४मध्ये रोमने प्रसिद्ध केलेल्या या सूचीची प्रत ग्रंथपालाने जवळ बाळगावी आणि त्यातील कोणताही ग्रंथ संग्रहात नाही, याची खातरजमा करावी, अशी अपेक्षा होती. ग्रंथपाल हा येथे राखणदारही होता आणि द्वारपालही. त्याने पुस्तक वाचकापासून जपायचे होते आणि वाचकाला पुस्तकापासून.

११/ विद्यार्थ्याच्या वाट्याला किती पुस्तके यावीत, हेही ठरलेले होते. १५९९च्या येशूसंघीय अभ्यासक्रम-संहितेनुसार धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला थॉमस अक्वायनसचा प्रमुख ग्रंथ, ट्रेंट धर्मसभेचे निर्णय आणि बायबल मिळे. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला अ‍ॅरिस्टॉटल. पुस्तकांची उणीव नको आणि निरुपयोगी पुस्तकांची गर्दीही नको, हे सूत्र. लिस्बनपासून गोव्यापर्यंत येशूसंघाच्या प्रत्येक महाविद्यालयावर हे नियम बंधनकारक होते. रायतूर त्याला अपवाद नव्हते.

१२/ या नियमांच्या चौकटीत एक इंग्रज पाद्री वावरत होता. थॉमस स्टीफन्स १५७९च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला आणि १६१९मध्ये निधन होईपर्यंत त्याचे बहुतेक आयुष्य साष्टीतच गेले. मराठी आणि कोकणी तो केवळ बोलण्यापुरती शिकला नाही. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतील ओवी त्याने इतकी आत्मसात केली की त्याच छंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले.

१३/ हा ग्रंथ का रचला, याचे उत्तर ग्रंथाच्या प्रारंभीच आहे आणि ते अंतर्मुख करणारे आहे. धर्मशिक्षणाचा वर्ग चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो, की आमची पहिली पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत; मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे तरी काय? गोवेकरांची वाचनाची भूक तेथे एका पात्राच्या तोंडून प्रकट होते. ज्यांच्या पोथ्या गेल्या होत्या, त्यांनी मागितलेले हे पुस्तक.

१४/ स्टीफन्सला हा ग्रंथ देशी लिपीत छापावयाचा होता. ५ डिसेंबर १६०८ रोजी येशूसंघाचे प्रमुख अक्वाविव्हा यांना लिहिलेल्या पत्रात त्याने तशी विनंती केली. अडचणही त्यानेच सांगितली. रोमन लिपीला चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, पण या देशातील लिपी अक्षरसंयोगांची असल्याने सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील. ते साचे कधीच ओतले गेले नाहीत.

१५/ अखेर १६१६मध्ये रायतूरच्या महाविद्यालयात ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. तत्पूर्वी इन्क्विझिशन, धर्मप्रांत आणि येशूसंघ या तिघांची अनुमती घ्यावी लागली. १६४९ आणि १६५४मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. १६२२मध्ये स्टीफन्सचीच कोकणी प्रश्नोत्तरी, १६४०मध्ये त्याचे कोकणी व्याकरण, हेही याच रायतूरचे मुद्रण. देवनागरी ठशांत मराठी छापली जाण्यासाठी मात्र श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण निघेपर्यंत, म्हणजे १८०५पर्यंत, थांबावे लागले.

१६/ मग वारे फिरले. १६८३च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजांनी साष्टी आणि बारदेशात धडक मारली. पोर्तुगीज सत्ता हादरली. महाराजांच्या माघारीनंतर काही महिन्यांतच, २७ जून १६८४ रोजी, विजरई काउंट आल्व्होर याने फर्मान काढले की तीन वर्षांत येथील लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेत धर्मोपदेशासाठी ग्रंथ छापले जात होते, तीच भाषा आता संशयास्पद ठरली.

१७/ फर्मानाने लोकांची बोली बंद पडत नसते, पडलीही नाही. परंतु सत्तेचा आणि संस्थेचा आधार तुटला की पुस्तकाचे पुनर्मुद्रण थांबते. १६५४नंतर ‘ख्रिस्तपुराण’ अडीचशे वर्षे छापले गेले नाही. १७५९मध्ये पोर्तुगालने जेझुइटांनाच आपल्या मुलखातून हाकलले. १८३५मध्ये इतर धर्मसंघांचे मठही बंद झाले आणि मठांतील ग्रंथांची पांगापांग झाली. त्यांपैकी काही ग्रंथ १८३२मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात दाखल झाले.

१८/ परिणाम असा, की १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज जगात कोठे असल्याचे ज्ञात नाही. ज्या ठिकाणी हा ग्रंथ छापला गेला, तेथेही नाही. कुलूप, यादी, नोंदवही, धूळ झटकण्याचा वार, हे सारे असलेल्या व्यवस्थेला आपल्याच छापखान्यातील सर्वांत महत्त्वाचे पुस्तक राखता आले नाही.

१९/ तरीही ‘ख्रिस्तपुराण’ आज आपल्याला वाचता येते, आणि ते नियमबाह्य म्हणावे अशा वाचकांमुळे. गोव्यातून कर्नाटक किनाऱ्याकडे स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हा ग्रंथ सोबत नेला. घरांत आणि देवळांत तो वाचला गेला. जीर्ण झाला की हाताने उतरून काढला गेला. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ सालदान्हा यांनी १९०७मध्ये मंगळूरला रोमन लिपीतील आवृत्ती सिद्ध केली.

२०/ दुसरा धागा लंडनमध्ये सापडला. प्राच्यविद्येचे अभ्यासक विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२०च्या दशकात अभ्यासकांचे लक्ष वेधले. स्टीफन्सला जी लिपी छापखान्यात मिळाली नाही, ती कुणा अज्ञात लेखनिकाने बोरूने दिली होती. पुढे १९५६मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. छापील देवनागरीत हा ग्रंथ मराठी वाचकाच्या हाती आला तो असा, ३४० वर्षांनी.

२१/ यावरून कुलूप वाईट आणि मोकळीक चांगली, असा सोपा निष्कर्ष काढता येणार नाही. ब्रागाची हस्तलिखिते कुलपातच टिकली. मार्सडेनची प्रतही संग्रहाच्या शिस्तीमुळेच वाचली. कोकणच्या दमट हवेत उघड्यावर टाकलेली पोथी पाच पावसाळेही पाहत नाही. रोमच्या त्या ग्रंथपालाचे झाडू मारण्याचे कलम शहाणपणाचेच होते.

२२/ उणीव होती ती वाचकाच्या कल्पनेत. त्या नियमांत पुस्तक कसे ठेवावे याचा बारकाईने विचार आहे, पण ज्याची भाषा त्या पुस्तकात आहे, त्या माणसाने ते मागण्याचा हक्क कोठेच नाही. त्याला मिळते ती अनुमती. आणि अनुमती देणारा सत्तेचा वारा पाहून ती काढूनही घेतो. १५५९ला पोथी उचलून नेली गेली, १६१६ला पर्यायी पुराण देण्यात आले, १६८४ला भाषाच नाकारण्यात आली. तिन्ही वेळी निर्णय वाचकाचा नव्हता.

२३/ म्हणून याच किनाऱ्यावरील आणखी एक साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८२८मध्ये रत्नागिरीत वाचनालय स्थापन झाले. आजचे रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय ते हेच. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. चार वर्षांनी गोव्यातही सार्वजनिक ग्रंथालय निघाले. किल्ली, यादी आणि नोंदवही या तिन्ही गोष्टी येथेही राहिल्या. बदलले ते इतकेच, की सार्वजनिक वाचनालयाच्या कल्पनेत वर्गणी भरून पुस्तक मागणारा माणूस आपली श्रद्धा तपासून घेण्यास बांधील राहिला नाही.

२४/ आजही कोकणातील कित्येक घरांत माळ्यावर बासनात बांधलेल्या पोथ्या पडून आहेत : पुराणे, बखरी, वैद्यकाच्या वह्या, मशिदी-देवळांचे दप्तर. त्यांपैकी कोणती प्रत जगातील शेवटची आहे, हे ती वाळवीच्या तोंडी गेल्यावर कळून उपयोग नाही. कोरड्या जागी ठेवणे, यादी करणे, एक नक्कल किंवा छायाचित्र काढून दुसऱ्याच्या हाती देणे, एवढे तीन नियम पुरेसे आहेत. पहिले दोन रायतूरला ठाऊक होते. तिसरा त्या अज्ञात लेखनिकांनी पाळला.

(धागा समाप्त)