मोसंबी की मौसमी?

आपल्या गेटसमोर ज्यूसची गाडी लागते, तिच्या पाटीवर 'मौसमी' लिहिलंय. पुढच्या चौकात 'मुसंबी', आणि एका चकचकीत दुकानात 'स्वीट लाइम'. निदान जालना जिल्ह्यात तरी या फळाचं नाव नीट लिहिलं जावं, म्हणून हा खटाटोप.

'मौसमी' हिंदीतून आलं. मौसम म्हणजे ऋतू, मूळ शब्द अरबी. इंग्रजी 'मॉन्सून'ही त्यातलाच. ऐकायला पटतं, पण आपल्याकडे मोसंबीचे आंबे बहार आणि मृग बहार असे दोन बहार घेतात. मग ती कुठल्या एका मौसमाची?

खरं नाव समुद्रापलीकडचं आहे. वास्को द गामा मार्च १४९८ मध्ये पूर्व आफ्रिकेजवळच्या मोझांबिक बेटावर थांबला आणि मे महिन्यात कालिकतला पोचला. बेटाचं नाव मुसा बिन बिक या अरब माणसावरून पडलं, असं सांगतात. पुढे पोर्तुगीजांनी तिथे ठाण मांडलं ते १९७५ पर्यंत. गंमत म्हणजे १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत असे! त्या वाटेनं आलेल्या फळाला त्या मुलखाचं नाव मिळालं. अरबांनी नाही का संत्र्याला 'बुर्तुकाल', म्हणजे चक्क पोर्तुगाल म्हटलं? उत्तरेकडचा 'माल्टा'ही तसाच.

आता स्पेलिंग पाहा. इंग्रजीत मोझांबिकला 'झेड' आहे. पोर्तुगीजमध्ये मात्र तिथे खाली शेपूट असलेला 'सी' असतो आणि उच्चार होतो 'स'. शब्द इंग्रजांकडून आला असता तर आपण 'मोझंबी' खाल्ली असती. शेवटचा 'क' मात्र गळाला. नागपुरी, कोल्हापुरी यांच्या चालीवर 'मोसंबी' झालं असावं, असं मला वाटतं.

जुन्या मराठीत झाड ती मोसंबी आणि फळ ते 'मोसंबें', शेवटी टिंब देऊन. १९६२ च्या नियमांनी न उच्चारली जाणारी टिंबं गेली, 'मोसंबे' राहिलं. मधलं टिंब उच्चारात आहे म्हणून टिकलं. आता फळालाही आपण मोसंबीच म्हणतो. म्हणू द्या, त्यात काही बिघडत नाही.

बिघडतं ते 'स्वीट लाइम'मुळे. स्वीट लाइम म्हणजे गोड लिंबू, ते झाड वेगळं. आपली मोसंबी शास्त्राप्रमाणे 'स्वीट ऑरेंज'. बँकेत असताना कर्जाच्या कागदांवर मी दोन्ही नावं पाहिली आहेत, कधी कधी एकाच फाइलमध्ये.

२०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी टँकरचं पाणी विकत घेऊन बागा जगवल्या. किती तरी जणांना डोळ्यांदेखत वाळलेली झाडं तोडावी लागली. त्यानंतर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते 'जालना स्वीट ऑरेंज' या नावानं. हे नाव त्या बागांच्या हक्काचं आहे. पण माल दिल्लीच्या बाजारात उतरला की त्याची 'मौसमी' होते आणि जालना मागेच राहतं. क्रेटवर 'जालना मोसंबी' आणि खाली 'स्वीट ऑरेंज' छापायला शाई काही जास्त लागत नाही.