मागाच्या खोलीतला वारा

शिडाच्या होडीवरील कोंदट खोलीत सूर्यावर चालणारा लहानसा पंखा बसवितात, ही हकीकत आम्ही संघटनेच्या कचेरीत प्रथम सांगितली, तेव्हा एक वृद्ध विणकर म्हणाले, "मग आमची खोली काय निराळी आहे?" येवल्यातील पैठणीच्या मागाची खोली ज्यांनी वैशाखात पाहिली आहे, त्यांना हा प्रश्न कळेल. डोक्यावर तापलेला पत्रा, खड्ड्यात पाय, पुढ्यात रेशमाचा ताणा. आणि झळ लागून तार तुटू नये म्हणून खिडकी लावून घेतलेली.

बंद जागेतील हवेचा विचार पुष्कळसा जहाजावरच झाला. खलाशी शिडाच्या कापडाचा नळा उभारून वारा तळाशी उतरवीत. वारा पडला की नळाही लोंबू लागे. इंग्लंडातील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने १७४१ साली यावर हाताने चालवावयाचे भाते सुचविले. पुढे लंडनच्या न्यूगेट तुरुंगावर असे भाते पवनचक्कीला जोडण्यात आले. आजच्या सूर्यपंख्याचे ते आजोबाच म्हणावयाचे! परंतु ते बसविताना कित्येक मजुरांना तुरुंगज्वर जडला, असे जॉन प्रिंगल या डॉक्टराने १७५३ साली लिहून ठेवले आहे. पुस्तकांतून हेल्सचे नाव आढळते, त्या मजुरांचे क्वचितच.

विणकामात तर सुताची गरज एक आणि माणसाची दुसरी. सुताला दमट हवा हवी, म्हणून लँकेशायरचे गिरणीमालक विणाई खात्यात वाफ सोडीत. विणकरांनी त्याविरुद्ध ओरड केली, तेव्हा १८८९ च्या कायद्याने दर माणशी ताशी निदान ६०० घनफूट ताजी हवा देणे बंधनकारक झाले. आमच्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात वायुवीजन व कृत्रिम दमटपणा यांवर स्वतंत्र कलमे आली. पण त्या कायद्यात कारखाना म्हणजे विजेवर चालणारा असल्यास दहा कामगार, नसल्यास वीस, असे धरले होते. नवरा, बायको, मुलगा आणि एक हाताखालचा, एवढ्यांची मागाची खोली त्या व्याख्येत कोठून बसणार? घरी विणणाऱ्याची हवा कोणाच्याच वहीत लिहिलेली नाही.

१९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट दाखविला, आणि सूर्यानेच उकाडा काढण्याची सोय झाली. ऊन जितके कडक, तितका पंखा जोरात. मात्र आमचा पहिला प्रयोग साफ फसला, आणि दोष आमचाच. एका सभासदाच्या खोलीत उंचावर बाहेर हवा फेकणारा पंखा बसविला, पण हवा आत येण्यास वाटच ठेविली नाही. पंख्याने स्वयंपाकघरातील धूर ओढून मागावर आणला. घरच्या बाईंनी आम्हांला जे सुनावले ते येथे छापण्याजोगे नाही!

तेव्हापासून आम्ही आधी हिशेब करतो. चार माणसांना लँकेशायरच्या मापाने मिनिटाला ४० घनफूट हवा लागते. ती नुसती श्वासापुरती. बारा बाय पंधरा फूट खोली, उंची दहा, म्हणजे १८०० घनफूट. उकाडा काढण्यासाठी ती हवा दहा मिनिटांत बदलावयाची तर मिनिटाला १८० घनफूट हवेत. जाळीने वारा अडतो, म्हणून पंखा याहून मोठाच घ्यावा. हवा आत येण्याची जाळी उत्तरेच्या सावलीत, जमिनीलगत, आणि पंख्याच्या तोंडापेक्षा लहान नसावी. तिच्यातून येणारा झोत ताण्यावर पडता कामा नये. सौरपट दक्षिणेकडे तोंड करून सुमारे वीस अंश कलता ठेवावा. बॅटरी रात्री काम चालत असेल तरच घ्यावी. तीच आधी निकामी होते.

पुढची निगा म्हणजे निव्वळ झाडलोट. उन्हाळ्यात पटावर धुळीचा थर बसतो. तो सकाळी, काच थंड असताना, पाण्याने व मऊ फडक्याने पुसावा. तापल्या काचेवर गार पाणी ओतू नये. पंख्याच्या पात्यांना रेशमाची तुसे चिकटतात, तीही पंखा बंद करून काढावी लागतात. पावसाळ्यापूर्वी तारांचे सांधे पाहून घ्यावे. ढगाळ दिवशी पंखा मंदावतो, अशी तक्रार आमच्याकडे येते. ती खरी आहे. पण त्या दिवशी हवा दमट असते, तार सहसा तुटत नाही, आणि खिडकी उघडता येते.