परदेशी रस्त्यावर गाडीची ओळख: देशदर्शक चिन्ह केव्हा लावावे, केव्हा बदलावे?

सिल्वासा: दादऱ्याहून सिल्वासाला येणारी गाडी वाटेत गुजरातच्या हद्दीतून जाते. आज ही सीमा चालकाच्या ध्यानातही येत नाही. 1954 पूर्वी मात्र ती दोन राष्ट्रांमधील सीमा होती. या वाटेवरील जाण्या-येण्याच्या हक्काचा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत पोहोचला व त्याचा निकाल 12 एप्रिल 1960 रोजी लागला. गाडी कोणत्या प्रदेशाची, हा प्रश्न या भूमीला अशा रीतीने जुनाच आहे. नोकरी-शिक्षणानिमित्त परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांमुळे तो आता नव्या स्वरूपात पुढे येतो. परदेशात गाडी चालविताना मागील बाजूस कोणत्या देशाचे चिन्ह असावे?

चिन्हाचा उगम

मोटारींची संख्या वाढून त्या सीमा ओलांडू लागल्या, तेव्हा केवळ नोंदणी क्रमांकावरून गाडीचा देश कळेनासा झाला. त्यावर उपाय म्हणून 1909 च्या पॅरिस कराराने प्रत्येक देशास रोमन अक्षरांचे संक्षिप्त चिन्ह दिले. पुढे 1949 चा जिनिव्हा करार व 1968 चा व्हिएन्ना करार यांनी या व्यवस्थेला सविस्तर रूप दिले. जिनिव्हा करारात भारत 1962 मध्ये सामील झाला. स्वातंत्र्यापूर्वी भारतातील वाहनांचे चिन्ह ‘बीआय’, म्हणजे ब्रिटिश इंडिया, असे होते. 1947 पासून ते ‘आयएनडी’ झाले.

आकार व जागा

जिनिव्हा करारानुसार हे चिन्ह पांढऱ्या लंबवर्तुळावर काळ्या रोमन अक्षरांत असावे लागते व ते वाहनाच्या मागील बाजूस लावायचे असते. अक्षरे एक ते तीन; त्यांची उंची किमान 80 मिलिमीटर व रेषेची जाडी किमान 10 मिलिमीटर. ‘आयएनडी’सारखे तीन अक्षरांचे चिन्ह असल्यास लंबवर्तुळ किमान 240 मिलिमीटर रुंद व 145 मिलिमीटर उंच हवे. तीनपेक्षा कमी अक्षरे असल्यास 175 बाय 115 मिलिमीटर चालते. दुचाकीस हाच लहान आकार पुरतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक झाली. तिच्या डाव्या कडेस अशोकचक्राच्या होलोग्रामखाली निळ्या रंगात ‘आयएनडी’ ही अक्षरे असतात. त्यामुळे वेगळ्या स्टिकरची गरज नाही, असे अनेकांना वाटते. परंतु ही अक्षरे लहान आहेत व लंबवर्तुळातही नाहीत. करारातील चिन्हाची अट त्यांनी पूर्ण होत नाही. भारतीय गाडी घेऊन दूरच्या देशांत जाणाऱ्याने मागे वेगळे चिन्ह लावणेच योग्य.

नोंदणी क्रमांकाबाबतही दक्षता हवी. हौसेने देवनागरीत लिहिलेली पाटी परदेशात वाचली जाणार नाही. भारतातही केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार क्रमांक इंग्रजी अक्षरे व अंकांतच असावा लागतो.

चिन्ह वाहनाचे, चालकाचे नव्हे

चिन्ह वाहन जेथे नोंदलेले आहे त्या देशाचे असते. चालकाच्या नागरिकत्वाशी त्याचा संबंध नाही. फ्रान्समध्ये भाड्याने घेतलेली गाडी भारतीय पर्यटक चालवीत असला तरी तिचे चिन्ह ‘एफ’च राहते. ब्रिटनमध्ये नोंदलेल्या गाडीवर अभिमानाने ‘आयएनडी’ चिकटविणे दिशाभूल करणारे ठरते. सीमा तपासणीत किंवा अपघातानंतर नोंदणीचा शोध व विम्याचा दावा या चिन्हाच्या आधारे सुरू होतो. चूक चिन्हामुळे दंडही होऊ शकतो.

‘जीबी’चे ‘यूके’

आपल्या केंद्रशासित प्रदेशातील वाचकांसाठी ब्रिटनचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. दमण व दीवमधील अनेक कुटुंबे पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे ब्रिटनमध्ये, विशेषतः लेस्टर परिसरात, स्थायिक झाली आहेत. ब्रिटनने 28 सप्टेंबर 2021 पासून आपले चिन्ह ‘जीबी’ऐवजी ‘यूके’ केले. त्या दिवसापासून परदेशात ‘जीबी’ स्टिकर वैध राहिला नाही; तो काढून टाकावा किंवा झाकावा लागतो.

नंबरप्लेटवर ‘यूके’ अक्षरांसह ब्रिटिश ध्वज असेल, तर युरोपातील बहुतेक देशांत वेगळा स्टिकर लागत नाही. स्पेन, सायप्रस व माल्टा येथे मात्र प्लेट कोणतीही असली तरी ‘यूके’ स्टिकर हवाच. आयर्लंडमध्ये त्याची आवश्यकता नाही. नंबरप्लेटवर युरोपीय संघाचे तारांकित चिन्ह असलेल्या जुन्या गाड्यांनाही परदेशी जाताना स्टिकर लावावा लागतो.

चिन्ह बदलल्याची इतर उदाहरणेही आहेत. फिनलंडचे ‘एसएफ’ 1993 मध्ये ‘एफआयएन’ झाले, तर उत्तर मॅसिडोनियाने 2019 मध्ये ‘एमके’ऐवजी ‘एनएमके’ स्वीकारले. याउलट श्रीलंका आजही सिलोनचे ‘सीएल’ वापरते.

घरचा अनुभव: ‘डीएन’चे ‘डीडी’

हा बदल सिल्वासाकरांना परका नाही. 26 जानेवारी 2020 रोजी दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले आणि नव्या वाहनांवर ‘डीएन-09’ऐवजी ‘डीडी-01’ हा क्रमांक येऊ लागला. दीवसाठी ‘डीडी-02’ व दमणसाठी ‘डीडी-03’ आहे. जुनी ‘डीएन’ क्रमांकाची वाहने आजही रस्त्यावर दिसतात. तथापि देशांतर्गत क्रमांक व देशदर्शक चिन्ह या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘डीएन’ असो वा ‘डीडी’, परदेशात दोन्हींचे चिन्ह ‘आयएनडी’च. भारतात ‘यूके’ म्हणजे उत्तराखंड, युरोपात मात्र ब्रिटन. देशाचे चिन्ह वेगळे का असावे लागते, हे यावरून स्पष्ट होते.

देशांतर्गत नियमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्र वा गुजरातची गाडी घेऊन येथील कारखान्यांत नोकरीस आलेल्यांना हा नियम लागू पडतो. वारंवार बदली होणाऱ्या पात्र कर्मचाऱ्यांसाठी सप्टेंबर 2021 पासून ‘बीएच’ मालिकेचा पर्याय उपलब्ध आहे.

निघण्यापूर्वी

स्वतःची गाडी दूरदेशी नेणाऱ्यास चिन्हाखेरीज परिवहन कार्यालयाकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना, मूळ नोंदणीपत्र व त्या देशात चालणारा विमा हवा. हा परवाना कमाल एक वर्ष वैध असतो. अनेक देशांत ‘कार्नेट’ हे सीमाशुल्क हमीपत्रही मागितले जाते. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्था ते देतात. नेपाळची पद्धत निराळी आहे. तेथे भारतीय गाडीस सीमेवर ‘भन्सार’ भरून प्रवेश मिळतो.

स्टिकरची किंमत अल्प असते, परंतु अनोळखी देशात, भाषा न जाणणाऱ्या पोलिसापुढे तो गाडीचा पहिला परिचय असतो. ज्या प्रदेशातील वाहनचालकांनी आपला क्रमांक बदलताना नुकताच पाहिला, त्यांना त्याचे मोल वेगळे सांगावयास नको.