पाण्याचा गुण आणि पाण्याचा आधार

गुडघे धरले की माणसाला ऊन पाण्याची आठवण होते. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या किंवा कोकणातल्या उन्हवऱ्याच्या कुंडांवर सांधे दुखणारी माणसे पिढ्यान् पिढ्या जात आली आहेत. कुंडात बसावे, अंग शेकून घ्यावे आणि पाण्याच्या अंगच्या गुणाने बरे व्हावे, ही त्यामागील श्रद्धा होय. युरोपातही हीच श्रद्धा होती. परंतु गेल्या शंभर वर्षांत तिच्यात एक मूलभूत पालट झाला. पाण्यात बसणाऱ्या रोग्याला वैद्य म्हणू लागले, 'नुसते बसू नका, हालचाल करा.' हा पालट कसा घडला, ते आपण थोडक्यात पाहू.

इंग्लंडातील बाथ येथे रोमन लोकांनी ऊन झऱ्यांवर स्नानगृहे बांधली. पुढे १७४२ साली तेथे बाहेरगावच्या गरीब रोग्यांसाठी रुग्णालय उघडले. संधिवाताने आणि पक्षाघाताने लुळे झालेले लोक तेथे येत. पाण्यातील क्षारांचा गुण येतो, असा वैद्यांचा समज होता. रोग्याकडे करण्यासारखे काम फारसे नव्हते. जे करायचे ते पाण्याने करायचे होते.

दृष्टी पालटली ती विसाव्या शतकात, आणि तीही म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांमुळे नव्हे, तर पोलिओमुळे. लॉस एंजेलिस येथील अस्थिरोगतज्ज्ञ चार्ल्स लोमन यांनी १९२४ साली आपल्या रुग्णालयातील कमळांच्या तळ्याचे व्यायामाच्या तलावात रूपांतर केले. त्याच वर्षी, १९२१ मध्ये पायांतले बळ गमावलेले फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे गेले. जमिनीवर निकामी ठरलेले पाय तेथल्या कोमट पाण्यात थोडेफार हलू लागले. त्यांनी ती जागा १९२६ साली विकत घेतली आणि पुढच्या वर्षी संस्था स्थापन केली. रूझवेल्ट पुन्हा आधारावाचून चालू शकले नाहीत, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. झऱ्याने रोग धुऊन नेला नाही. त्याने शरीराचा भार उचलला, आणि उरलेल्या स्नायूंना काम करण्याची संधी दिली. क्षारांच्या गुणापेक्षा हा आधारच महत्त्वाचा ठरला. १९५५ नंतर लसीमुळे पोलिओ हटत गेला. तलावात मिळवलेली विद्या मात्र संधिवाताच्या रोग्यांच्या उपयोगी पडली.

गुडघ्याची अडचण अशी की, दुखते म्हणून माणूस चालत नाही. चालत नाही म्हणून मांडीचे स्नायू दुबळे होतात. आणि ते दुबळे झाले की गुडघा अधिकच दुखतो. हे चक्र पाणी तोडू शकते. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर शरीराचा सुमारे निम्मा भार राहतो, छातीएवढ्या पाण्यात सुमारे एक-तृतीयांश. उलट, पाय जितक्या वेगाने हलवावा तितका पाण्याचा विरोध वाढतो. म्हणजे व्यायामाचे माप रोग्याच्याच हाती राहते. शिवाय पाणी कोमट असले की आखडलेले स्नायू सैलावतात.

याचा लाभ किती? २०१६ साली कॉक्रेन या संस्थेच्या वतीने गुडघ्याच्या व खुब्याच्या झिजेवरील १३ चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या. त्यांत ११९० माणसे होती. वेदना आणि हालचालींतील अडचण थोडी कमी होते, लाभ अल्पकाळ टिकल्याचे दिसते आणि गंभीर अपाय आढळला नाही, असा निष्कर्ष निघाला. झिजलेली कूर्चा पाण्याने परत येत नाही. परंतु ज्याला जिना चढताना दर पायरीला थांबावे लागते, त्याला 'थोडे कमी' या शब्दांचे मोल कळते.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. वॉर्म स्प्रिंग्जचे पाणी गोऱ्या रोग्यांपुरते होते. कृष्णवर्णीय पोलिओग्रस्तांसाठी टस्कीगी येथे वेगळे केंद्र निघाले, तेही १९४१ साली. उपाय सापडणे ही एक गोष्ट आणि तो सर्वांच्या वाट्याला येणे ही दुसरी.

आमच्याकडे रंगाची अट नाही. पण अडसर आहेतच. साठी उलटलेल्या किती आजीबाई तलावात उतरल्या आहेत? पोहता येत नाही, साडीत उतरता येत नाही, लोक काय म्हणतील ही भीती, आणि उतरायला उभी लोखंडी शिडी! वस्तुतः या व्यायामाला पोहता यावे लागत नाही. छातीएवढे पाणी, धरायला कठडा, रुंद पायऱ्या, जाणता शिक्षक आणि स्त्रियांसाठी राखलेला एक तास एवढे पुरे. हृदयविकार असलेल्यांनी वा अंगावर उघडी जखम असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, हे ओघानेच आले.

आमची नगरे तलाव बांधतात ते तरुणांच्या शर्यतींसाठी. त्यांतला दिवसाचा एक तास म्हाताऱ्या गुडघ्यांना द्यावा, एवढीच आमची मागणी आहे.