व्हेरोनाचा फ्रायर : एका शोककथेची पूर्वपीठिका

रोमिओ आणि ज्युलिएट ही नावे ऐकली नाहीत असा वाचक विरळाच. परंतु ही कथा शेक्सपिअरच्या प्रतिभेतून जन्मली, हा रूढ समज खरा नव्हे. त्याच्या नाटकाची पहिली छापील प्रत १५९७ साली निघाली, तेव्हा ही कथा युरोपात शंभराहून अधिक वर्षे हिंडत होती. आम्हांस तिच्यात विशेष आस्था वाटते ती प्रेमिकांइतकीच त्यांचा विवाह लावणाऱ्या फ्रायरविषयी. प्रत्येक लेखकाने त्याला निराळ्या नजरेने पाहिले आहे.

तिचे काही धागे अतिप्राचीन आहेत. भिंतीच्या फटीतून बोलणारे आणि एका गैरसमजापायी प्राणास मुकणारे पिरॅमस व थिस्बी रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात भेटतात. दुसरा विवाह टाळण्यासाठी विष मागणारी, प्रत्यक्षात गुंगीचे औषध पिऊन थडग्यात जागी होणारी नायिका इफिससच्या झेनोफोन या ग्रीक लेखकाने रंगविली आहे. मात्र तो ग्रंथ १७२६ पर्यंत छापलाच गेला नव्हता; तेव्हा त्याचा थेट संबंध जोडणे आम्हांस धाडसाचे वाटते.

कथेचा खरा सांगाडा प्रथम दिसतो तो मासूच्चो सालेर्नितानो याच्या १४७६ साली छापलेल्या कथासंग्रहात. प्रेमिक मारिओत्तो आणि जान्नोत्सा, शहर सिएना. गुप्त विवाह, हातून घडलेली हत्या, हद्दपारी, गुंगीचे औषध आणि न पोहोचलेला निरोप हे सारे येथे आहे. विवाह लावणारा ऑगस्टिनियन फ्रायर मात्र लाचेने वश झालेला. मासूच्चोच्या लेखणीला मठवासीयांचे वावडेच होते.

या सांगाड्यात प्राण ओतला व्हिचेंझाच्या लुईजी दा पोर्तोने. हा सैनिक. १५११ साली युद्धात जबर जखमी झाल्यावर त्याचे आयुष्य पालटले. १५२९ साली तो वारला आणि त्याची कथा त्यानंतर छापून निघाली. कथा व्हेरोनात नेली ती त्याने. रोमेओ व जुलिएत्ता ही नावेही त्याचीच. वैरी घराण्यांची नावे दान्तेच्या ‘पुर्गातोरिओ’च्या सहाव्या सर्गात आढळतात, पण तेथे ती राजकीय दुहीने पोखरलेल्या घराण्यांची म्हणून, कोणा प्रेमिकांच्या संदर्भात नव्हे. तरीही व्हेरोनात आज यात्रेकरूंना ज्युलिएटचे थडगे दाखविले जाते, आणि लोक तेथे डोळे पुसतात!

दा पोर्तोचा फ्रायर लोरेन्झो फ्रान्सिस्कन आहे, विद्वान आहे. उपवासकाळात जुलिएत्ता पापनिवेदनासाठी मठात येते. फ्रायर मधली जाळी बाजूस सारतो, पलीकडे रोमेओ उभा असतो, आणि तेथेच दोघांचा विवाह होतो. पापनिवेदनाच्या जागेचा असा उपयोग वाचून आम्हांस आजही अस्वस्थ व्हायला होते. दोन घराण्यांत समेट घडवावा ही त्याची इच्छा असेल. पण रोमेओची मर्जी आणि स्वतःचा लौकिक यांचाही मोह त्याला सुटलेला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. त्या काळी वधूवरांनी परस्परांना दिलेली संमती एवढ्यानेच विवाह वैध ठरे. ख्रिस्तसभा गुप्त विवाहाचा निषेध करी, पण तो रद्दबातल मानीत नसे. म्हणूनच वडिलांनी ठरविलेला दुसरा विवाह ज्युलिएटच्या लेखी केवळ नावडता नव्हे, तर अशक्य होता. या गुप्ततेतून होणारे अनर्थ ओळखूनच ट्रेंटच्या धर्मपरिषदेने नोव्हेंबर १५६३ मध्ये स्थानिक धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांची उपस्थिती विवाहाच्या वैधतेसाठी आवश्यक ठरविली. आमच्या पॅरिशच्या विवाह-नोंदवहीत साक्षीदारांच्या सह्या घेताना वऱ्हाडी मंडळी घाईने घड्याळाकडे पाहतात, त्यांना हा इतिहास सांगावासा वाटतो.

पुढे बांदेल्लोने १५५४ साली ही कथा विस्ताराने लिहिली. तो स्वतः डॉमिनिकन आणि आजेनचा बिशप! फ्रान्समध्ये ब्वॅस्त्युओने १५५९ साली शेवट बदलला. दा पोर्तोच्या कथेत रोमेओचे प्राण जाण्यापूर्वीच नायिका जागी होते आणि पुढे श्वास कोंडून मरते. ब्वॅस्त्युओच्या कथेत ती उशिरा जागी होते आणि खंजीर उचलते. त्यावरून आर्थर ब्रुकने १५६२ साली तीन हजारांहून अधिक ओळींचे इंग्रजी काव्य रचले. शेक्सपिअरचा मुख्य आधार हेच काव्य.

ब्रुकची गंमत अशी, की प्रस्तावनेत तो फ्रायर आणि पापनिवेदन यांवर आग ओकतो. राणी एलिझाबेथच्या प्रॉटेस्टंट राजवटीत ते अपेक्षितच होते. काव्यात मात्र त्याच फ्रायरचे शहाणपण तो वाखाणतो! अखेरीस फ्रायरला क्षमा मिळते आणि तो एकांतवासात राहून पाच वर्षांनी मरण पावतो. प्रस्तावनेतला प्रचारक आणि काव्यातला कवी यांची येथे गाठच पडलेली नाही.

शेक्सपिअरने ब्रुकची नऊ महिन्यांची कथा चार-पाच दिवसांत आवळली. ब्रुकच्या सोळा वर्षांच्या नायिकेला त्याने चौदाव्या वर्षाच्याही अलीकडे आणले. बांदेल्लोकडे ती अठराची होती. त्याच्या इंग्लंडात १५८५ च्या कायद्याने परदेशी दीक्षा घेतलेल्या कॅथोलिक धर्मगुरूचे देशात राहणे राजद्रोह ठरले होते. तरीही लंडनच्या रंगभूमीवर त्याने उभा केलेला फ्रायर लाचखाऊ नाही, लबाड नाही. पहाटे वनस्पती खुडणारा, तरुणांच्या घाईला चाप लावू पाहणारा आणि अखेर थडग्याबाहेरचा आवाज कानी पडताच घाबरून पळ काढणारा असा तो माणूस आहे. सारे संपल्यावर तो व्हेरोनाच्या राजापुढे आपल्या हातून घडलेले सर्व काही सांगतो आणि दोष असल्यास शिक्षा मागतो. त्याला आम्ही सदैव पवित्र पुरुष म्हणूनच ओळखत आलो, एवढेच राजा म्हणतो.