न झालेल्या हजची मशीद

दाभोळच्या खाडीकाठची शाही मशीद एका न झालेल्या हजमुळे उभी राहिली, असे तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. विजापूरच्या आदिलशाही घराण्यातली आयेशा बीबी नावाची शाहजादी हजला निघाली आणि जहाज पकडायला दाभोळात आली. पण समुद्रात चाच्यांचे भय होते. जहाज सुटेना. अखेर मौलवींच्या सल्ल्याने तिने प्रवासासाठी आणलेला पैसा मशिदीवर खर्च केला. साल सांगतात १६५९, म्हणजे प्रतापगडाचे साल. पुढच्या एक-दोन वर्षांतच दाभोळ शिवाजी महाराजांच्या ताब्यात गेले. मशीद जागच्या जागी राहिली.

डिसेंबर २०२० मध्ये ही मशीद पाहायला आम्ही पुण्याहून निघालो, तेव्हा गाडीत असेच हज हुकलेले माणूस बसले होते. माझी अम्मी. २०२० च्या यादीत तिचे नाव लागले होते, पैसे भरले होते. पण जूनमध्ये सौदी सरकारने त्या वर्षीचा हज फक्त तिथे राहणाऱ्या मोजक्या लोकांपुरता ठेवला आणि भारतातून कोणी जाणार नाही हे ठरले. पैसे परत आले. अम्मी कोणाशी काही बोलली नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर राज्यातली प्रार्थनास्थळे उघडली, तेव्हा म्हणाली, "मला माहेरी घेऊन चल."

तिचे माहेर दापोली तालुक्यात. ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने तिथल्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या केल्या होत्या. मामूंच्या घरावर अजून ताडपत्री होती. त्याआधी मे महिन्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना गावाने शाळेत चौदा दिवस ठेवले होते. आम्हीही पहिले काही दिवस ओटीवरच मुक्काम केला. मामींनी ताटे उंबऱ्यावर ठेवली आणि त्या मागे सरकल्या. कोणालाच त्याचे वाईट वाटले नाही.

ही रीत कोकणाला नवी नाही. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला आणि शहर रिकामे होऊ लागले. लाखो माणसे बाहेर पडली, त्यांतली कितीतरी बोटीने कोकणात उतरली. त्या साथीसाठी १८९७ मध्ये केलेला साथरोग कायदाच मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात लागू झाला. आणि १८९७ मध्येच सरकारने मुंबईहून हजची जहाजे सोडणे बंद केले. युरोपला धास्ती होती की हाजींबरोबर प्लेग तिकडे पोहोचेल. त्याच्याही आधीपासून, १८८२ नंतर, मुंबईकडून जाणाऱ्या हाजींना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर उतरवून दिवसच्या दिवस अडकवून ठेवत. म्हणजे थांबणे हा हजच्या प्रवासाचा जुनाच भाग आहे. हजरत उमरही सीरियाच्या वाटेवर प्लेगची खबर कळताच माघारी फिरले होते. त्याला कोणी भित्रेपणा म्हटले नाही.

दाभोळात पोहोचलो तेव्हा दुपार होती. वाशिष्ठीच्या मुखाशी धोपाव्याकडे जाणारी फेरीबोट गाड्या भरून घेत होती. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितिन परतीला याच बंदरातून निघाला, १५०८ च्या अखेरीस पोर्तुगिजांनी हेच बंदर जाळले. आता इथे मासे उतरतात. मशिदीचे चार मिनार आणि मोठा घुमट जवळ गेल्यावरच भव्य वाटतात.

अम्मीने दोन रकात नफल पढली आणि पायरीवर बसली. मी शाहजादीची गोष्ट सांगितली. तिने एवढेच विचारले, "मग बीबी पुढे गेली का हजला?" गोष्टीत ते नाही. गोष्ट मशिदीपाशी थांबते. अम्मी जरा वेळ खाडीकडे पाहत राहिली.

परतायच्या आदल्या रात्री तिने परत आलेल्या पैशांतून काही रक्कम मामूंच्या छपरासाठी आणि शेजारच्या दोन घरांसाठी काढून दिली. त्यांतले एक घर कुळवाड्यांचे होते. मामू नको म्हणत राहिले. ती म्हणाली, "पावसाला सहा महिने आहेत."

२०२१ मध्येही भारतातून कोणी गेले नाही. २०२२ मध्ये वयाची अट ६५ च्या आतली होती, अम्मी ६८ ची. २०२३ मध्ये अट उठली, तोवर तिचे गुडघे साथ देईनासे झाले होते.

आपल्या घराघरांत हाजींच्या आठवणी आहेत. कोण कोणत्या जहाजाने गेले, किती खजूर आणले, झमझम कसे वाटले. जे निघाले आणि पोहोचले नाहीत, त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. साथीच्या इतिहासात त्यांचा आकडा असतो, माणूस नसतो. तुमच्या घरात १८९७ ची किंवा २०२० ची अशी गोष्ट असेल, तर मोठ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. सगळ्यांना मशीद बांधता येत नाही.